प्रेमभंग, ब्रेकअप, ताटातूट : कुठला शब्द कुठे वापरायचा?

धाकट्या बहिणीचं ब्रेकअप झालंय, त्यामुळे सध्या आम्ही दोघी मिळून ओळीने पिक्चर बघतोय आणि बघून झालं की बोलत बसतो. बोलताना सगळ्याच गोष्टीला ब्रेकअप म्हटलं जातं. याला मराठीत सरळ प्रेमभंग म्हणावं का? की दोन्हीत फरक आहे?

---

फरक आहे ताई, आणि चांगला मोठा आहे. वाक्यात घालून बघा. 'त्याचा प्रेमभंग झाला' म्हणतो, एकाचाच. पण 'त्यांचं ब्रेकअप झालं', म्हणजे दोघांचं. शिवाय ब्रेकअप करता येतं, 'मी प्रेमभंग केला' असं मात्र कुणीच बोलत नाही, तो अंगावरच कोसळतो. 'मुरांबा' (2017) बघितला नसेल तर बहिणीबरोबर नक्की बघा. आलोक घरी सांगतो की माझं आणि इंदूचं ब्रेकअप झालं आणि आईबाबा खोदून खोदून विचारत राहतात की अरे पण झालं काय नेमकं. हा प्रश्न ब्रेकअपलाच विचारता येतो, कारण त्यात कुणीतरी काहीतरी केलेलं असतं किंवा करायचं राहिलेलं असतं, आणि तेच शोधायचं असतं.

उलट 'फँड्री'तल्या जब्याचं शालूशी कधी जमलेलंच नाही, मग ब्रेकअप कसलं? पण घरच्यांबरोबर डुक्कर पकडायला धावावं लागतं, शाळेतली पोरं मजा बघत उभी, त्यात शालूपण, तिथे त्या पोराचं जे होतं तो प्रेमभंग. शब्द पुस्तकी वाटतो खरा, पण तिथे दुसरा कुठलाच पुरत नाही.

---

विरह राहिला की! तो या दोन्हीपेक्षा वेगळा. विरहात माणूस दूर असतो पण आपलाच असतो, वाट बघण्यात अर्थ असतो, म्हणून तर ज्ञानेश्वरांची विरहिणी कावळ्याला शकुन विचारते. ब्रेकअपनंतर कुणी शकुन विचारत नाही, फार तर स्टेटस बघतं. आणि दोघांच्या मनात असूनही बाहेरच्या कारणाने लांब जावं लागलं तर आमच्याकडे ताटातूट म्हणतात. 'टाइमपास' (2014) मधे दगडू-प्राजक्ताची होते ती ताटातूट, म्हणून तर पुढच्या भागात ते परत भेटले तेव्हा कुणाला खटकलं नाही.

---

'क्वीन' (2014) साठी शब्द सांगते, लग्न मोडणं. राणीच्या हातावर मेंदी आहे आणि विजय समोर बसून नको म्हणतो. मोडणं यात कुणी मोडलं ते स्पष्ट असतं आणि चारचौघात नाव मात्र मुलीचंच होतं, 'तिचं मोडलं' म्हणतात, 'त्याने मोडलं' कमी ऐकू येतं, हे मला अजिबात पटत नाही. शेवटी ती अंगठी परत देते आणि थँक यू म्हणते, ते बहिणीला दाखवाच.

---

खूप आभार सगळ्यांचे. बहिणीने हे सगळं वाचलं आणि म्हणाली की माझं यातलं काहीच नाही, त्याचं मन उडालं एवढंच, भांडण नाही की तिसरं माणूस नाही. तर मन उडणं यावरचा एखादा चांगला पिक्चर आठवतोय का कुणाला? मराठी असेल तर फारच बरं.