सत्तेचाळिशीत नोकरी सोडून कॉफी शॉपची फ्रँचायझी घ्यावी का?

बाणेरकर: आयटीत मॅनेजर आहे. पुढच्या ले-ऑफमध्ये नंबर लागेलसं वाटतंय. एका कॉफी ब्रँडची फ्रँचायझी मिळतेय. फी, फर्निचर, मशीन धरून ३५ लाख, वर विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी. बाणेरलाच गाळा, भाडं ९० हजार. बायको म्हणते एफडी मोडू नका. काय करावं?

हिशोबनीस: वहिनींचं ऐका. रॉयल्टी विक्रीवर आहे, नफ्यावर नाही. तुम्ही तोट्यात असलात तरी त्यांचे ६ टक्के आधी जाणार. शिवाय रेस्टॉरंटच्या ५ टक्के जीएसटीत इनपुट क्रेडिट, म्हणजे खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. भाड्यावरचा १८ टक्के, म्हणजे दरमहा १६,२०० रुपये, तुमच्याच खिशातून. रॉयल्टीवरच्या जीएसटीचंही तेच. हे कुणी सांगितलं का?

बाणेरकर: नाही. '१८ महिन्यांत पैसे वसूल' एवढंच.

गंगापूररोड: मी बँक सोडून नाशकात हेच करतोय. मला कॉफीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पोरांचं ट्रेनिंग, माल, मशीन बिघडलं की मेकॅनिक, सगळं ब्रँडने बघितलं. स्वतःचं नाव काढलं असतं तर हे शिकण्यातच पैसे संपले असते. खरी गोम भाड्यात आहे. मी ते विक्रीच्या १५ टक्क्यांत ठेवतो. तुमच्या ९० हजारांना महिन्याला ६ लाखांची विक्री लागेल, म्हणजे रोज २० हजारांचा गल्ला. १६० चं बिल धरा, १२५ बिलं झाली. शनिवार-रविवारी होतीलही. मंगळवारी दुपारी मात्र एका कॅपुचिनोवर लॅपटॉप उघडून तीन तास बसणारेच येतात, आणि चार्जिंगला प्लग मागतात!

कटिंगवाला: स्टारबक्स २०१२ पासून भारतात आहे, पण फ्रँचायझी देत नाही. टाटांबरोबरची कंपनी स्वतःच दुकानं चालवते. धंद्यात एवढं लोणी असतं तर बाकीच्यांनी तुम्हाला कशाला वाटलं असतं?

गंगापूररोड: मग मॅकडोनाल्ड्स जगभर बहुतेक फ्रँचायझीवरच चालतं, त्याचं काय?

हिशोबनीस: ते राहू द्या. आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही, मुख्यतः १८७२ च्या करार कायद्यावरच चालतं. कागदावर असेल तेवढंच तुमचं. दुकान बंद केलं तर मशीन कोण घेणार? शेजारच्या चौकात त्यांनीच दुसरं आउटलेट काढलं तर? करारात बघा.

बाणेरकर: करार अजून दिलेला नाही. २ लाख टोकन भरल्यावर दाखवतात म्हणे.

हिशोबनीस: अहो, मग विषयच संपला.

गंगापूररोड: मला मसुदा आधी आला होता, टोकन नंतर. ब्रँड दुसरा बघा, बेत कशाला मोडता?