मदत हवी आहे: मायक्रोलॅरिंजियल सर्जरीच्या (मायक्रोस्कोपखाली स्वरयंत्राचं ऑपरेशन) सरावासाठी बेंच कसा मांडावा? (कोल्हापूर)

प्रश्न
ईएनटीच्या रेसिडेंटसाठी विभागात सरावाचा एक कोपरा मांडतोय. कानाच्या ऑपरेशनचा जुना मायक्रोस्कोप आहे, लेन्स २५० मिमीची. सोबत क्लाइनसॅसर लॅरिंगोस्कोप (तोंडातून स्वरयंत्रापर्यंत घालायची धातूची नळी) आणि ऑपरेशन थिएटरमधून बाद झालेली २२ सेंमीची उपकरणं. खाटकाकडून बकऱ्याचं नरडं मिळतं. अडचणी दोन: उपकरण आत घातलं की मूठ मायक्रोस्कोपवर आपटते, आणि मायक्रोफ्लॅप (स्वरपट्टीवरून अलगद उचललेली पातळ पापुद्र्याची झडप) दर वेळी फाटतो. तयार सिम्युलेटर परवडणारा नाही. जाणकारांनी सांगावं.

स्वरयंत्री
पहिली अडचण लेन्सची आहे, हाताची नाही. २५० च्या लेन्सखाली कॉर्डपर्यंत, म्हणजे स्वरपट्टीपर्यंत, एकूण २५ सेंमी मिळतात. त्यातले १७-१८ लॅरिंगोस्कोपच खातो. उरलेल्या सात सेंमीत मूठ मावणार कशी? ४०० मिमीची लेन्स बसवा, म्हणजे बाहेर बावीसेक सेंमी मोकळे राहतात. मोठेपणा मात्र घटेल: आज १६ पट दिसतं ते १० पट दिसेल. लेन्स मागवण्याआधी जुनीचा आटा (फिरवून बसवायचे पेच) मोजून घ्या, प्रत्येक मॉडेलचा सारखा नसतो.

लॅरिंगोस्कोप धरायला उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवाल्याकडून फळीवर बसणारा, कोन बदलता येईल असा क्लँप करून घ्या. नळीचा अक्ष आणि मायक्रोस्कोपचा अक्ष एका रेषेत हवेत. जरा तिरके झाले की एका डोळ्याला नळीची भिंतच दिसते, खोलीचा अंदाज जातो आणि मग सगळेच म्हणतात, हात थरथरतो. कोपरांना टेकू द्या, निम्मी थरथर तिथेच जाते.

पांढरा रस्सा
फ्लॅपचं मी सांगतो. नरडं ताजं घ्या किंवा गोठवून आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फॉर्मालिनमध्ये अजिबात नको, थर एकमेकांना चिकटून कडक होतात. श्वासनलिकेच्या चार-पाच कड्या ठेवा, एपिग्लॉटिस (स्वरयंत्रावरची झडप) कापा, क्रिकॉइडमधून (स्वरयंत्राच्या तळाची कडी) टाचण्या मारून थर्माकोलवर बसवा. बकऱ्याला फॉल्स कॉर्ड (खऱ्या कॉर्डच्या वरची घडी) आणि व्हेंट्रिकल (दोन्हींमधली खाच) नसतं, ते शोधत बसू नका.

आधी २७ नंबरच्या लांब सुईने एपिथेलियमखाली (कॉर्डच्या सगळ्यात वरच्या पातळ थराखाली) ०.१-०.२ मिली सलाइन सोडा, त्यात मिथिलिन ब्लूचा पुसटसा रंग. फुगवटा उठला म्हणजे थर बरोबर सापडला. नाही उठला तर सुई खोल गेली आहे. छेद सिकल नाइफने (विळ्यासारख्या छोट्या सुरीने), फक्त एपिथेलियमपुरता. मग बोथट एलिव्हेटर (थर सोडवायचं उपकरण) कॉर्डला समांतर सरकवा.

फाटतो तो बहुतेक फोर्सेप्सने (चिमट्याने) वर ओढल्यामुळे. कड नाजूक धरून मधल्या बाजूलाच हलका ताण द्या. पांढरे चकचकीत तंतू दिसले की लिगामेंट (कॉर्डच्या आतला चिवट पट्टा) आलं, तिथे थांबायचं. माणसात तिथे व्रण झाला तर कॉर्ड ताठ होते आणि आवाज परत येत नाही. दर पाच मिनिटांनी सलाइनचे थेंब टाका, वाळलेला फ्लॅप हमखास फाटतो.

द्राक्षवेल
भावा, नरड्यावर जायच्या आधी तासगावच्या द्राक्षांवर आठवडाभर घालवा. द्राक्ष नळीच्या टोकाशी ठेवून सालीला ५ मिमीचा छेद, आणि तेवढीच पट्टी सोडवायची. रस आला की खोल गेलात. दहा सलग कोरडी निघाली की तेच डाव्या हाताने. त्यानंतर कोंबडीच्या कातड्याखाली मोहरीचा दाणा सरकवून तो काढायचा. दाणा म्हणजे गाठ, वरची कातडी शाबूत राहिली पाहिजे.

प्रश्नकर्ता
लेन्सचं आज कळलं, आभार सर. रेसिडेंटचं काम तपासायचं कसं? वेळ लावायची का?

स्वरयंत्री
वेळ सगळ्यात शेवटी. काम झालं की कॉर्ड आडवी कापा आणि त्याच मायक्रोस्कोपखाली बघा: लिगामेंटवर ओरखडा आहे का, फ्लॅपला भोक आहे का. दोन्हीची उत्तरं 'नाही' येईपर्यंत घड्याळ लावूच नका. आणि ही उपकरणं वेगळ्या डब्यात, 'सराव' अशी पट्टी लावून. थिएटरच्या ट्रेमध्ये चुकूनही जाता कामा नयेत.