ए-बी विंग (फक्त महत्त्वाचे निरोप)

मंगळवार, सकाळी ६:४८

देशपांडे बी-४०२: सुनीलराव, टेम्पो परत गेटात आडवा. स्कूल बस बाहेर हॉर्न मारतेय, पोरं पावसात उभी आहेत. गेल्या आठवड्यात दोनदा झालं तेव्हा गप्प बसलो. आज नाही बसणार.

सुनील ए-१०४: काका माफ करा. दोन मिनिटं. सेल्फ मारतोय.

देशपांडे बी-४०२: तुमची दोन मिनिटं साडेसहाला सुरू झालीत.

पाटणकर (खजिनदार): नियम क्र. ११ : आवारात मालवाहू वाहन उभे करण्यास मनाई आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.

मंजिरी बी-२०१: पाटणकर, टाकीमागची जागा सभेत मंजूर करून दिलीय त्याला. सही तुमचीच आहे.

शिंदेमामा ए-३०३: डिझेलच्या लाइनीत एअर धरली असणार. फिल्टरवरचा स्क्रू ढिला कर, हँड पंप मार. फेस जाऊन साफ डिझेल आलं की आवळ.

सुनील ए-१०४: मामा ते काल केलं. चालू झाली, पण आज परत तेच. काका, ढकलून बाजूला घेतली. वॉचमन आणि दूधवाल्याचे आभार 🙏

देशपांडे बी-४०२: बस गेली. माझ्या नातवाचे बूट भिजले ते वेगळं.

७:२०

निखिल बी-५०१: सुनीलदादा, बंद कशी पडते? आचके देत, फडफडत, की एकदम?

सुनील ए-१०४: एकदम. चावी काढल्यासारखी. मग चेक लाईट.

निखिल बी-५०१: मग एअर नाही. एअर असती तर आधी मिसिंग केलं असतं, रेस धरली नसती.

शिंदेमामा ए-३०३: ३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपात घालवली बाळा. डिझेल गाडी दोनच गोष्टींनी थांबते. डिझेल नाही, नाहीतर एअर.

निखिल बी-५०१: मामा, तुमच्या गाड्यांना मेकॅनिकल पंप. स्टॉपची केबल ओढेपर्यंत चालायच्या. ही २०१७ ची बीएस-४, कॉमन रेल. डिझेल फवारणारा इंजेक्टर कधी उघडायचा ते ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो, आणि पिस्टन कुठे आहे हे त्याला क्रँक सेन्सर सांगतो. फ्लायव्हीलच्या बाजूला बसून खाचा मोजत असतो. बहुतेक गाड्यांत ६० ची जागा, त्यातल्या दोन गाळलेल्या. ती मोकळी जागा आली की एक फेरा झाला. हा सिग्नल तुटला की ईसीएम डिझेल सोडतच नाही. टाकी फुल असली तरी.

सुनील ए-१०४: क्रँक सेन्सर दोनदा बदललाय निखिल. स्कॅनरला तोच कोड येतो म्हणून आधी साधा टाकला, मग कंपनीचा. आता गॅरेजवाला पंप उतरवू म्हणतोय. ३८ हजार सांगितलेत.

निखिल बी-५०१: थांब. पंपाला हात लावू देऊ नकोस. कोड म्हणतो सिग्नल आला नाही. सेन्सर मेला असं तो कुठे म्हणतो? मधे अख्खी वायर आहे.

पाटणकर (खजिनदार): नियम क्र. ११ पुन्हा पाहावा. तसेच पीयूसी आहे का? सहा महिन्यांनी लागते.

सुनील ए-१०४: आहे काका. मार्चपर्यंत.

निखिल बी-५०१: बीएस-४ ला वर्षाची मिळते, पाटणकर काका. सहा महिन्यांची त्याआधीच्या गाड्यांना.

जोशी ए-२०२: उंदीर! माझ्या कारची वायर उंदरांनीच खाल्ली होती. मांजरांना खायला घालणं बंद केल्यापासून हे सुरू झालंय.

मंजिरी बी-२०१: मी एप्रिलच्या सभेत हेच बोलले तेव्हा कोण हसलं होतं ते आठवतंय मला.

देशपांडे बी-४०२: मांजरांचा विषय संपलेला आहे.

मंजिरी बी-२०१: तुमच्यापुरता.

निखिल बी-५०१: दादा, गरम झाल्यावरच बंद पडते का? सेन्सर खराब असेल तर पुष्कळदा तापला की मरतो, थंड झाला की जिवंत होतो.

सुनील ए-१०४: नाही ना. पहाटे निघतानाच पडते, इंजिन गार असताना. आणि मार्केट यार्डापर्यंत वीस किलोमीटर गेली तर कधीकधी काहीच नाही. रस्त्यात खड्ड्यात एकदा गेली होती.

निखिल बी-५०१: पुढच्या वेळी बंद पडली की सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याचा व्हिडिओ काढ. थोडा तरी उठायला हवा.

मंजिरी बी-२०१: मला इंजिनातलं कळत नाही, पण हा टेम्पो दर वेळी एकाच जागी बंद पडतो. गेटाच्या आतल्या ब्रेकरवर. शुक्रवारी मी स्कूटरवर मागे होते. पुढचं चाक उतरलं आणि गप्प.

देशपांडे बी-४०२: ब्रेकर इथे आणायचं कारण नाही. तो माझ्या एकट्याच्या सांगण्यावरून झालेला नाही.

मंजिरी बी-२०१: उंची मात्र तुमच्या एकट्याच्या सांगण्यावरून.

निखिल बी-५०१: मंजिरीताई 🙏 हेच हवं होतं. ब्रेकर, खड्डा. हादरा बसला की इंजिन माउंटिंगवर हलतं, बॉडी वेगळी हलते. कुठेतरी वायर घासतेय. दादा, अलीकडे इंजिनाखाली काय काम केलं?

सुनील ए-१०४: दिवाळीत क्लच प्लेट टाकली.

निखिल बी-५०१: म्हणजे गिअरबॉक्स उतरवला होता. सेन्सरची वायर तिथूनच जाते.

शिंदेमामा ए-३०३: मीटर आहे माझ्याकडे. पाचला येतो. एअर पण बघू.

८:०५

पाटणकर (खजिनदार): नियम क्र. ११.

संध्याकाळी ७:३२

सुनील ए-१०४: सापडलं!! केबिन उचलली, गाडी स्लोवर ठेवली, मामांनी स्टुलावर बसून काठीनं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलवला. तिसऱ्या झटक्याला बंद. सेल्फ मारला, काटा शून्यावर चिकटलेला. बेल हाऊसिंगवर (क्लचवरचं कव्हर) एक पत्र्याची पट्टी आहे, वायर तिला क्लॅम्पनं बांधलेली असते. क्लचच्या वेळी क्लॅम्प परत बसवलाच नाही. वायर पट्टीच्या धारेवर लोंबत घासत होती. जाळीची नळी फाटलेली, आत एका वायरचं कव्हर नखाएवढं सोललेलं, तांब्याची तार हिरवी पडलेली, आणि पट्टीवर तेवढ्याच जागी रंग उडून चकाकी.

शिंदेमामा ए-३०३: दोन्ही बाजूंचे कनेक्टर सोडले, त्या वायरीचं एक टोक मीटरला, दुसरी पिन बॉडीला. वायर दाबली की बीप. सेन्सर पण मोजले. काढून टाकलेला जुना ८६० ओहम, आत्ता आहे तो ८७०. म्हणजे जुना चांगलाच होता. दोन्ही वेळचे पैसे पाण्यात.

निखिल बी-५०१: मामा, एअर?

शिंदेमामा ए-३०३: आज नव्हती.

सुनील ए-१०४: खराब तुकडा कापून नवीन जोडला, झाळलं, स्लीव्ह घातली, क्लॅम्प बसवला. ४० रुपयांचा क्लॅम्प. मंजिरीताई, तुमचे पेढे उद्या. काका, तुमच्या नातवाला बूट घेऊन देतो.

देशपांडे बी-४०२: बूट नकोत. सकाळी गेट मोकळं पाहिजे.

जोशी ए-२०२: उंदीर नव्हता का मग?

मंजिरी बी-२०१: ब्रेकर कमी करायचा विषय पुढच्या सभेत घ्या.

देशपांडे बी-४०२: ब्रेकरमुळे बिघाड सापडला, ताई. उलट आभार माना.

सुनील ए-१०४: आत्ता मुद्दाम ब्रेकरवरून तीनदा नेली. एकदाही बंद पडली नाही.

देशपांडे बी-४०२: ऐकू आलं. तीनदाही.