स्पिंडलचा पंप कुणाच्या हुकमावर चालावा?

फोंडेकर
चवथ जवळ आली की देव्हाऱ्यांचं आणि दारांवरच्या नक्षीचं काम वाढतं, आणि हा प्रश्न पुन्हा कानावर येतो: सीएनसी राऊटरच्या (संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणाऱ्या मशीनच्या) २.२ किलोवॉट वॉटर-कूल्ड स्पिंडलचा, म्हणजे बिट फिरवणाऱ्या मोटरला पाण्याने गार ठेवणारा, पंप जोडायचा कुठे? बहुतेक जण सांगतात, व्हीएफडीच्या (स्पिंडलला वीज देऊन त्याचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हच्या) रिलेवर. स्पिंडल फिरला की पंप चालू, थांबला की बंद. मला हे अजिबात पटत नाही. पंप मेन स्विचबरोबर सुरू व्हावा आणि मशीन बंद करेपर्यंत चालावा. रिले पंपाला वीज देतो, पण नळी दुमडली, गाळणीत शेवाळ अडकलं किंवा पंपात हवा धरली तर वीज असूनही पाणी हलत नाही. म्हणून परतीच्या नळीवर फ्लो स्विच हवाच. पाणी वाहतंय हे सिद्ध झालं, तरच स्पिंडलला परवानगी.

आणि कुणीही व्हीएफडीच्या यू-व्ही-डब्ल्यू टोकांवरून, म्हणजे स्पिंडलला जाणाऱ्या तारांवरून, पंपाला वीज घेऊ नका. मिनिटाला २४,००० फेऱ्यांना तिथे ४०० हर्ट्झ असतात. ५० हर्ट्झचा पंप तिथे टिकणार नाही.

म्हापशेकर
फोंडेकर बाब, दिवसभर पंप चालवायला माझा विरोध आहे. किटबरोबर येणारा ७५ वॉटचा पंप पाण्यात बुडालेला असतो, त्याची सगळी उष्णता त्याच पाण्यात उतरते. जॉब बांधताना, बिट बदलताना पाणी तापवत का बसायचं? मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधलं पाणी तसंही कोमटच असतं.

फ्लो स्विचची तर मला भीतीच वाटते. सागाच्या दाराची नक्षी निम्म्यावर आली आणि त्याने उगाच सिग्नल तोडला, तर स्पिंडल थांबेल, पण गॅन्ट्री (स्पिंडल वाहून नेणारी कमान) चालतच राहील. थांबलेलं बिट लाकडातून फरफटत जाईल. बिट मोडेल आणि दारही वाया जाईल.

मडगावकरीण
मी तिसरी बाजू मांडते. पंप कंट्रोलरच्या (प्रोग्रॅम वाचून मशीन चालवणाऱ्या बोर्डच्या) कूलंट आउटपुटवर घ्या. प्रोग्रॅममध्ये आधी एम८ (कूलंट चालू), मग जी४ देऊन काही सेकंद थांबा, मग एम३ (स्पिंडल चालू). वेगळं वायरिंग नको, आणि काय कधी सुरू होतं ते फाइलमध्येच वाचता येतं.

फोंडेकर
ताई, जीआरबीएलमध्ये (कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये) एम३०, म्हणजे प्रोग्रॅम संपल्याचा हुकूम, आला की स्पिंडल आणि कूलंट दोन्ही एकदम बंद होतात. लांबलचक कापणीनंतर स्पिंडल गरम असतो, आणि नेमकं तेव्हाच पाणी थांबतं. सेफ्टी डोअरचा पिन लागला, म्हणजे मशीनचं दार उघडल्याचा सिग्नल आला, तरी तेच. शिवाय कॅमच्या पोस्टमध्ये (डिझाइनवरून प्रोग्रॅमची फाइल लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साच्यात) एम८ राहून गेला तर मशीन काहीच बोलत नाही, कोरड्या स्पिंडलने कापत राहतं.

म्हापशेकर बाब, उष्णतेचा हिशेब मांडू. जोरदार कापणीत स्पिंडलमध्ये ३५० वॉट वाया जातात असं धरा. २० लिटर पाणी साधारण ४ मिनिटांत एक अंश तापेल. हवेत काहीच निसटलं नाही तर तासाला १५ अंश. तुमच्या पंपाचे ७५ वॉट त्यात तासाला ३ अंशांची भर घालतात. ही भर खरी आहे, पण त्यावर इलाज म्हणजे रेडिएटर लावणं किंवा कमी वॉटचा २४ व्होल्ट डीसी पंप घेणं. फरफटीचा तुमचा मुद्दा मात्र लाखमोलाचा. म्हणूनच फ्लो स्विच आधी कंट्रोलरच्या फीड होल्डला (गॅन्ट्री जागीच थांबवणाऱ्या इनपुटला) जोडायचा आणि व्हीएफडी टायमर रिलेमार्फत काही सेकंदांनी थांबवायचा. स्पिंडलमध्ये थांबलेलं पाणी लगेच उकळत नाही, तेवढी उसंत मिळते.

कुंडईचा वायरमन
फ्लो स्विच लावाच, पण हॉल सेन्सरचा (चुंबकाच्या आधारे पल्स मोजणारा) स्वस्त मीटर नको. त्याची वायर व्हीएफडीच्या केबलजवळून गेली की पाणी थांबलेलं असतानाही पल्स मोजले जातात. पाण्याच्या जोराने पाकळी ढकलली जाते तो रीड स्विच घ्या. तोही शेवाळाने अडकू शकतो, म्हणून रोज सकाळी पंप सुरू करण्याआधी तो ‘पाणी नाही’ दाखवतो का ते पाहा. शेवाळ होऊ नये म्हणून डिस्टिल्ड पाण्यात गाडीचं कूलंट मिसळा, नळाचं पाणी नको.

तुमच्या वादात अर्थिंग कुणीच काढलं नाही, याचं मला वाईट वाटतं. २३० व्होल्टचा पंप पाण्यात आहे आणि तेच पाणी स्पिंडलच्या धातूला लागून जातं. बऱ्याच स्वस्त स्पिंडलच्या कनेक्टरमधला चौथा, अर्थिंगचा पिन आत बॉडीला जोडलेलाच नसतो, मल्टिमीटर लावून बघा. पंपाला ३० मिलिअँपिअरचा वेगळा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) द्या. व्हीएफडी त्याच्यावर टाकलात तर लीकेजमुळे तो सारखा पडेल, आणि मग वैतागून माणसं तो काढूनच टाकतात.

म्हापशेकर
आणि पावसाळा? जुलैत आपल्याकडे दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. कॉम्प्रेसरचा चिलर २० अंशांवर लावून दिवसभर पाणी फिरवलं तर उभ्या स्पिंडलला दव धरेल, अगदी आत बेअरिंगपर्यंत. पंप रिलेवर असता तर स्पिंडलबरोबर गार पाणीही थांबलं असतं.

फोंडेकर
मग चिलर २८ वर ठेवा. सीडब्ल्यू-३००० चिलर असेल तर प्रश्नच नाही, त्यात कॉम्प्रेसर नाही, नुसता रेडिएटर आणि पंखा. पाणी खोलीपेक्षा गार होऊच शकत नाही.

मडगावकरीण
पावसात वीज दिवसातून कितीदा जाते-येते! आल्यावर पंप आपोआप सुरू झाला तर हरकत नाही, पण स्पिंडल होता कामा नये. फीड होल्ड आणि टायमर मी जोडून घेईन. एम८ मात्र सोडणार नाही. पोस्टमध्ये एकदा बसवला की तो प्रत्येक फाइलमध्ये येतो.

म्हापशेकर
मी रिलेवरच राहणार. त्याला दहा मिनिटांचा ऑफ-डिले टायमर लावीन, म्हणजे स्पिंडल थांबल्यावरही तो गार होईल. फ्लो स्विच बसवीन, पण भोंग्याला. महागडं दार अर्ध्यावर थांबवायचं की नाही, हे समोर उभ्या माणसाने ठरवावं.

फोंडेकर
डस्ट कलेक्टर चालू असताना, कानाला मफ लावलेल्या माणसाला भोंगा ऐकू येईल याची खात्री तुम्ही देता का?