'आय गो' की 'आय ॲम गोइंग'? साधा वर्तमानकाळ कधी वापरायचा ते कोणी नीट सांगेल का

घाटकोपरची_सून

नमस्कार मंडळी. मी मराठी मीडियमची, लग्नानंतर बरीच वर्षं घरीच होते, आता मुलगा आठवीत गेला म्हणून घराजवळच्याच एका डेंटिस्टच्या क्लिनिकमधे रिसेप्शनला लागलेय. पेशंट निम्मे गुजराती, थोडे आपले आणि बाकीचे फोन उचलल्या उचलल्या इंग्लिश झाडणारे. मला वाचलेलं कळतं, समोरचा बोलला तेही कळतं, पण माझ्या तोंडून निघताना सगळं आयएनजी लागूनच निघतं. 'वी आर टेकिंग कार्ड', 'डॉक्टर इज कमिंग ॲट टेन', 'आय ॲम नॉट नोइंग' असं. डॉक्टर मॅडम स्वभावाने चांगल्या आहेत, त्या म्हणाल्या अगं साधा सिंपल प्रेझेंट वापर ना.

आता तो साधा म्हणजे कुठला हे बघायला मुलाचं ग्रामरचं पुस्तक उघडलं तर त्यात सूत्र, कर्ता अधिक क्रियापदाचं पहिलं रूप अधिक कर्म, आणि खाली 'द सन राइजेस इन द ईस्ट'. क्लिनिकमधे फोन करून सूर्य कुठून उगवतो कोण विचारणारे? 😀

तर माझे प्रश्न असे की आयएनजी कधी लावायचं आणि कधी नाही, तो एस कोणाला लागतो आणि मधेच गायब का होतो, आणि प्रश्न विचारताना डू कुठे, डझ कुठे, आर कुठे. मुलाला विचारलं की तो वैतागतो, म्हणून इथे विचारतेय.

---

विरार_फास्ट

ताई टेन्शन नका घेऊ, मुंबईत एस विसरला म्हणून कोणी दंड लावत नाही, आमच्या ऑफिसात साहेबसुद्धा 'ही डोन्ट नो' बोलतात आणि त्यांचं प्रमोशन झालं. रोजचं असेल तर आयएनजी काढून टाका, आत्ता चालू असेल तर ठेवा. विषय संपला.

---

परळचे_मास्तर

विषय संपला नाही, विरारवाले, आत्ता कुठे सुरू होतोय.

ताई, मी लालबाग-परळ भागातल्या रात्रशाळेत इंग्रजी शिकवायचो, दिवसभर काम करून आलेली मुलं समोर असायची, त्यांनाही सूर्याचं वाक्य पाठ होतं आणि तेवढं एकच पाठ होतं. आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, त्याआधी तुमच्या पिढीला पाचवीत एबीसीडी, आणि मग दहावीपर्यंत सूत्रं पाठ करायची, बोलायचं कधीच नाही. त्यामुळे तुम्हाला काळाचं नाव माहीत आहे पण तोंडाला सवय नाही, एवढंच झालंय.

सूत्र बाजूला ठेवा आणि तुमच्या काउंटरवरचीच वाक्यं घ्या. 'वी टेक कार्ड्स.' आम्ही कार्ड घेतो, आजही घेतो, परवाही घेऊ, ही आमची पद्धत आहे. 'वी ओपन ॲट टेन.' 'द डॉक्टर सीज पेशंट्स टिल वन.' हे सगळं पाटीवर लिहिता येईल असं आहे. बाहेरच्या बोर्डावर रंगवून घेता येईल ते साध्या वर्तमानकाळात, ही माझी कसोटी. आता मॅडम आत दात बघतायत आणि बाहेर एकजण घाई करतोय, तेव्हा काय म्हणाल? 'द डॉक्टर इज सीइंग अ पेशंट, प्लीज वेट.' हे बोर्डावर रंगवता येत नाही, कारण अर्ध्या तासाने खोटं होईल. क्रियापद तेच, डॉक्टरही त्याच.

तुमचं 'डॉक्टर इज कमिंग ॲट टेन' सरसकट चूक नाही बरं का. आज दहाला येतायत, तसं ठरलंय, या अर्थी ते अगदी बरोबर. पण रोजची वेळ सांगायची तर 'द डॉक्टर कम्स ॲट टेन'.

'आय ॲम नॉट नोइंग' मात्र सोडा. माहीत असणं, हवं असणं, गरज असणं, आवडणं, समजणं, मालकीचं असणं ही कामं नाहीत, त्या स्थिती आहेत, त्यांना या अर्थी सहसा आयएनजी लागत नाही, मग ते आत्ता या क्षणाचं का असेना. 'आय डोन्ट नो.' 'यू नीड ॲन एक्स-रे.' 'आय हॅव टू ब्रदर्स', हॅविंग नाही. 'आय ॲम हॅविंग लंच' चालतं कारण तिथे हॅव म्हणजे जेवणं, ते काम आहे.

एसचं सांगतो. एकटी व्यक्ती किंवा एकटी वस्तू, जी मीही नाही आणि तूही नाही, तिला एस. मराठीत तो जातो, ती जाते, ते जातं अशी तीन रूपं, इंग्रजीत तिघांना मिळून एकच 'गोज'. म्हणजे इथे इंग्रजी आपल्यापेक्षा सोपी आहे पण कोणी मानत नाही. आणि तो गायब होतो म्हणता ना, तो गायब होत नाही, पुढे सरकतो. घरात छत्री एकच आहे असं समजा, डझ ती घेऊन बाहेर पडला की क्रियापदाला छत्रीशिवायच जावं लागणार. 'शी वर्क्स हिअर.' 'डझ शी वर्क हिअर?' 'शी डझंट वर्क हिअर.' तिन्हीत एस एकदाच आहे बघा.

प्रश्नाला मराठीत 'का' शेवटी येतो, इंग्रजीत डू किंवा डझ पहिला. 'डू यू हॅव ॲन अपॉइंटमेंट?' कुठे, कधी, किती वाजता असलं काही असेल तर ते त्याच्याही आधी, 'व्हेअर डझ इट हर्ट?' वाक्यात ॲम, इज, आर असतील तर डू-डझला तिथे काम नाही, तेच उचलून पुढे आणायचे. 'आर यू अ न्यू पेशंट?' 'डू यू आर' असं काही नसतं.

---

घाटकोपरची_सून

सर बोर्डाची आयडिया एकदम डोक्यात बसली. पण मग मी असं धरून चालू का की मराठीत जिथे तो, ते लागतं, म्हणजे घेतो, येते, करते, तिथे डोळे मिटून सिंपल प्रेझेंट, आणि जिथे घेतोय, येतेय तिथे आयएनजी?

---

मालवणी_इन_मालाड

नाय नाय ताई, डोळे मिटू नका, इथेच सगळे आपटतात. मी बरीच वर्षं कॉल सेंटरला होतो, नंतर नवीन पोरांना ट्रेनिंग द्यायचो, मराठी पोरं कुठे अडकतात ते मला पाठ झालंय. आपला तो-ते लय कामं करतो, इंग्लिशवाल्याचा बिचारा एवढी करत नाही.

पेशंटने निरोप ठेवला तर आपण म्हणतो 'हो, मी सांगते त्यांना'. लगेच तोंडात येतं 'येस, आय टेल हर'. चूक. तुम्ही रोज सांगता असं नाही म्हणायचंय, आता सांगणार आहात, तर 'आय विल टेल हर'. तसंच 'एक मिनिट हं, बघते' म्हणजे 'आय विल चेक'. संध्याकाळी निघताना आपण 'येते मी' म्हणतो, कारण जाते म्हणायचं नसतं, ते 'आय कम' करून बोललात तर समोरचा विचारेल कुठे येताय. तिथे फक्त 'बाय, सी यू टुमॉरो'.

मग दुसरं, 'मी इथे दोन वर्षं काम करते'. इथे तर सुशिक्षित पण घसरतात, 'आय वर्क हिअर सिन्स टू इयर्स'. इंग्लिशला कधीपासून हे सांगितलं की साधा वर्तमानकाळ चालत नाही, 'आय हॅव वर्क्ड हिअर फॉर टू इयर्स' किंवा 'आय हॅव बीन वर्किंग'. नुसतं 'आय वर्क हिअर' बरोबर, दोन वर्षं जोडलीत की बदललं. इंटरव्ह्यूला हेच पहिलं विचारतात, म्हणून विरारभाऊंचं 'सगळं चालतं' मला पटत नाही. गल्लीत चालतं. पगार वाढवायचा असेल तिथे समोरचा तोंडावर काही बोलत नाही, फक्त नंतर फोन करत नाही.

आणि तिसरं तुमच्या कामाचं. 'डॉक्टर येत नाहीत.' मराठीत हे आजचंही असू शकतं, नेहमीचंही. 'द डॉक्टर डझंट कम ऑन थर्सडेज' हे नेहमीचं. आज सुट्टीवर असतील तर 'द डॉक्टर इजंट कमिंग टुडे'. चुकून नुसतं 'द डॉक्टर डझंट कम' बोललात तर पेशंटला वाटेल ह्या बाई इथे येतच नाहीत, आणि तो समोरच्या क्लिनिकमधे जाईल.

---

विरार_फास्ट

पगाराचं काढलंत म्हणून गप्प बसतो 🙏 पण एक शंका. 'द ट्रेन लीव्ज ॲट ८:१२ टुमॉरो' असं मी वाचलंय. उद्याची गाडी आहे, रोजचं नाही, मग एसवालं कसं?

---

परळचे_मास्तर

टाइमटेबल. गाडी, विमान, परीक्षा, सिनेमाचा शो, जे वेळापत्रकात छापलंय ते उद्याचं असलं तरी साध्या वर्तमानकाळात सांगतात. परत बोर्डच झाला की तो, इंडिकेटरचा. गाडी खरोखर ८:१२ ला सुटते का, हे व्याकरण विचारत नाही.

पेपरच्या हेडलाइनीत कालची गोष्टही 'मिनिस्टर रिझाइन्स' अशी येते, ती छापखान्याची वेगळी रीत आहे, ताई तुम्ही तिच्या नादी लागू नका. 'द मिनिस्टर रिझाइन्ड येस्टर्डे' असंच बोलायचं.

---

कलिना_कॅन्टीन

मी भाषाशास्त्र शिकतेय म्हणून मधे घुसते. ताई, तुम्हाला आयएनजी आधी आलं आणि एस येत नाहीये ह्यात तुमचा काही दोष नाही. अमेरिकेत रॉजर ब्राउन नावाच्या संशोधकाने इंग्लिश घरातल्या तीन लहान मुलांचं बोलणं बराच काळ नोंदवून १९७३ मधे मांडलं होतं, त्यात १४ गोष्टी मुलं कुठल्या क्रमाने शिकतात ते होतं. आयएनजी पहिला, आणि हा क्रियापदाचा एस दहावा! म्हणजे ज्यांची मातृभाषाच इंग्लिश त्यांनाही तो उशिरा जमतो. नंतर दुसरी भाषा म्हणून इंग्लिश शिकणाऱ्यांवर अभ्यास झाले, तिथेही हा एस उशिरा येणाऱ्यांतच निघाला. कारणही दिसतंच ना, आयएनजी ठळक ऐकू येतं, एस बारीक, आणि तो गाळला तरी अर्थ कळतो.

जुन्या इंग्लिशमधे मी, तू, तो, आम्ही सगळ्यांना वेगवेगळे प्रत्यय होते, आपल्यासारखेच. ते शतकानुशतकं झिजत गेले आणि हा एकटा उरला, त्यामुळे तो अर्धवट वाटतो.

उच्चाराचं कोणी बोललं नाही म्हणून सांगते, फोनवर तेच लागतं. हा एस तीन तऱ्हेने ऐकू येतो. वर्क, स्टॉप, हर्ट यांच्यापुढे स्वच्छ स. गो, कम, ओपन, नीड यांच्यापुढे झ कडे झुकलेला. क्लोज, वॉच, वॉश असल्या शेवटी आधीच स-श-च-झ असणाऱ्या शब्दांना पूर्ण एक आवाज वाढतो, क्लोझिझ, वॉचिझ, वॉशिझ. स्पेलिंगमधे स्टडीचा वाय जाऊन आयईएस येतो पण प्लेचा वाय तसाच राहतो कारण त्याच्याआधी स्वर आहे. हॅवचं हॅज. आणि डझ हे लिहायला डू अधिक ईएस असलं तरी बोलताना डूज नाही हां.

---

घाटकोपरची_सून

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खरंच थँक यू. आज दुपारी पेशंट कमी होते तेव्हा वहीत फोनवर बोलायची वाक्यं लिहून काढली, कोणीतरी तपासा ना प्लीज.

अवर क्लिनिक ओपन्स ॲट टेन अँड क्लोजेस ॲट एट. डॉक्टर डझंट सिट्स ऑन संडे. एव्हरी पेशंट नीड अपॉइंटमेंट. शी चेक ऑलवेज द एक्स-रे फर्स्ट. डू यू वॉन्ट मॉर्निंग ऑर इव्हनिंग? सॉरी, आय डोन्ट नो द प्राइस, आय विल आस्क अँड कॉल यू.

---

परळचे_मास्तर

पहिलं आणि शेवटची दोन उत्तम, हात लावू नका. त्या 'आय विल आस्क'बद्दल मालाडकरांना चहा पाजा.

दुसऱ्यात डझंट आलाय, म्हणजे छत्री गेली, 'सिट्स'चा एस काढा. शिवाय डॉक्टर 'बसतात' हे आपलं मराठी झालं, 'द डॉक्टर इजंट अव्हेलेबल ऑन संडेज' म्हणा. तिसऱ्यात एव्हरी म्हटलं की मनात गर्दी दिसते पण इंग्रजी त्याला एकटा धरते, 'एव्हरी पेशंट नीड्स ॲन अपॉइंटमेंट'. चौथ्यात 'चेक्स', आणि ऑलवेज त्याच्या आधी, 'शी ऑलवेज चेक्स'. ऑलवेज, युज्वली, नेव्हर ही मंडळी क्रियापदाच्या पुढ्यात उभी राहतात, फक्त इज-आर असेल तर त्यांच्या मागे जातात, 'शी इज ऑलवेज बिझी ऑन सॅटर्डेज'.

दुरुस्त करून वही फोनशेजारीच ठेवा, पाठ करत बसू नका, बघून बोललं तरी पलीकडे दिसत नाही.

---

घाटकोपरची_सून

सर, आणि पेशंटने विचारलं की रूट कॅनलला दुखतं का, तर 'इट डझंट हर्ट' बरोबर ना?

---

विरार_फास्ट

ग्रामर बरोबर आहे ताई, पण हे तुम्ही बोलू नका, फोन मॅडमना द्या 😂