तिवरं वाढली, मग चिंबोऱ्या कुठे गेल्या?

खाडीवाली:
आम्ही ठाणे खाडीकाठचे सोनकोळी, ऐरोलीच्या बाजूचे. बाबा 68 वर्षांचे, अजून पगोळ्या घेऊन होडीत बसतात. (पगोळी म्हणजे लोखंडी कडीला विणलेलं जाळं, मधोमध आमिषाला माशाचं डोकं.) मी लहान असताना वीस पगोळ्यांत टोपली भरायची. परवा अमावास्या, म्हणजे चिंबोऱ्या भरलेल्या असायच्या, म्हणून मीही गेले. वीस पगोळ्या, चार चिंबोऱ्या. त्यातल्या दोन एवढ्याशा, बाबांनी परत सोडल्या.

आणि पेपरात बातमी, कांदळवन (खाडीकाठच्या तिवरांचं जंगल) वाढलं! खोटी नाही ती. बाबा ओहोटीला जिथे खुबे वेचायचे, तिथे आता डोक्यावरून जाईल एवढी तिवरं आहेत. बाबा म्हणतात, "झाडं खाडी खातात." शाळेत शिकवलं, तिवरं म्हणजे माशांचा पाळणा. खरं कुणाचं?

जुना तांडेल:
ताई, दोघांचं. खाडी खातो तो गाळ, झाड त्याच्या मागून येतं. भराव पडले, पुलांचे खांब आले, पाण्याची ओढ कमी झाली. गाळ वर आला की तिवराचं बी रुजलंच म्हणून समजा. पण बोय माशाची पिल्लं काय झाडावर चढणार आहेत? भरतीचं पाणी मुळांत शिरायला हवं. खाडीचे आतले फाटे प्लास्टिकने बुजले की पाळणा कोरडा.
ओहोटीला आत जाऊन निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) बघा. निवट्या उड्या मारत असतील, बिळांच्या तोंडाशी ताजा चिखल असेल, तर जागा जिवंत आहे.

पाग_आणि_मी:
मग चार झाडं तोडून वाट मोकळी केली तर?

वकीलीणबाई:
कोयता घरीच ठेवा. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये तोडीवर बंदी घातली, 2018 च्या निकालात ती कायम झाली. झाडांपासून 50 मीटरच्या पट्ट्यात बांधकामालाही मनाई. फाटे मोकळे करायचे तर मच्छीमार सोसायटीच्या लेटरहेडवर वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे अर्ज करा, सोबत बुजलेल्या जागांचे फोटो. भरपाईचा विषय वेगळा, पण 2015 चा हरित लवादाचा आदेश वाचा: उरण-पनवेलकडच्या 1630 मच्छीमार कुटुंबांना 95 कोटी 19 लाख. भरतीचं पाणी अडलं, हा त्यातला मोठा मुद्दा होता.

मालवणी_चिंबोरी:
2017 पासून कांदळवनात चिंबोरीपालनाची सरकारी योजना आहे, गटाला 90 टक्के अनुदान. आम्ही केलं. पहिल्या खेपेचं बियाणं (चिंबोऱ्यांची पिल्लं) लांबून आलं, निम्मं वाटेतच मेलं. उरलेल्यांनी कात टाकताना एकमेकांना खाल्लं. चिंबोरीला शेजार चालत नाही, हे आमच्या आजीला विचारलं असतं तरी कळलं असतं. दुसऱ्या खेपेला एकेक वेगळी ठेवली, तेव्हा कुठे जमलं. पण तुमच्या खाडीचं पाणी आधी तपासून घ्या.

खाडीवाली:
बाबांना सगळं वाचून दाखवलं. गाळाचं ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, पौर्णिमेला पहाटेची ओहोटी चांगली लागेल, जुने बूट काढून ठेव, कालवं पाय कापतात. निवट्या बघायला जातोय.