फ्रोझन सेक्शनमध्ये काही नाही, अंतिम अहवालात मात्र १.४ मिमी

प्रश्न
आईच्या स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी काखेतील दोन सेंटिनेल लसिकाग्रंथींचे (कर्करोग पसरताना सर्वांत आधी ज्यांत पोहोचतो त्या ग्रंथींचे) फ्रोझन सेक्शन (ऊतक गोठवून लगेच केलेली तपासणी) झाले आणि त्यांत कर्करोग नसल्याचे कळल्यामुळे बाकीच्या ग्रंथी काढल्या नाहीत. अंतिम अहवालात मात्र एका ग्रंथीत १.४ मिमीचा सूक्ष्म प्रसार नोंदवला आहे. पहिली तपासणी चुकली असे समजावे का?

प्रतिसाद १
नाही, त्या तपासणीची मर्यादाच तेवढी आहे. शस्त्रक्रिया चालू असताना गोठवलेल्या ग्रंथीचे मोजकेच काप पाहिले जातात. गोठवल्याने पेशींची ठेवण बिघडते आणि ग्रंथीत चरबी जास्त असली तर काप धड निघतही नाहीत. नंतर तोच ऊतक फॉर्मालिनमध्ये मुरवून, पॅराफिनच्या ठोकळ्यात बसवून, हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवून नव्या कापांत पाहतात. ग्रंथीच्या सुमारे २ मिमी जाडीच्या चकत्या करतात त्या २ मिमीहून मोठा प्रसार निसटू नये म्हणून; त्याहून लहान प्रसार आधीच्या कापात न येणे अगदी शक्य आहे. (०.२ ते २ मिमी म्हणजे सूक्ष्म प्रसार. त्याहून लहान पुंजक्यांना ‘सुट्या पेशी’ म्हणतात.)

प्रतिसाद २
काही ठिकाणी फ्रोझन सेक्शनऐवजी ओएसएनए ही रेणवीय चाचणी करतात. तिच्यात ग्रंथीचा लगदा करून सायटोकेरॅटिन १९ (स्तनाच्या पेशींत असणारे, लसिकाग्रंथीत एरवी न आढळणारे प्रथिन) याचा एमआरएनए (ते प्रथिन बनवण्याचा संदेश वाहणारा रेणू) मोजतात आणि शस्त्रक्रिया चालू असतानाच निकाल मिळतो; दर मायक्रोलिटरमध्ये २५० ते ५००० प्रती आढळल्यास तो सूक्ष्म प्रसार धरतात. मात्र लगदा झालेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहता येत नाही, आणि मूळ गाठच हे प्रथिन बनवत नसेल तर चाचणी फसते.

प्रश्नकर्ता
मग प्रत्येक ग्रंथीवर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (प्रतिपिंडांच्या साहाय्याने विशिष्ट प्रथिन रंगवून पेशी ओळखण्याची पद्धत) का करत नाहीत?

प्रतिसाद १
स्तनाच्या कर्करोगाच्या लोब्युलर (दूधग्रंथींच्या खंडिकांशी संबंधित) प्रकारात पेशी एकेकट्या विखुरतात आणि लसिकापेशींत मिसळून जातात, म्हणून तेथे सायटोकेरॅटिनचा रंग फार उपयोगी पडतो. एरवी त्याने हाती लागणाऱ्या सुट्या पेशींमुळे उपचार सहसा बदलत नाहीत. आयबीसीएसजी २३-०१ या रुग्णांवरील वैद्यकीय अभ्यासात तर सेंटिनेल ग्रंथीत सूक्ष्म प्रसार असलेल्या स्त्रियांच्या बाकीच्या ग्रंथी न काढल्याने त्यांचे नुकसान झाल्याचे दिसले नाही. आईंना शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी दिली होती का, हे मात्र कळवा; दिली असल्यास याच १.४ मिमीचा अर्थ वेगळा लावावा लागतो.